लायसनवरची आणखी एक ओळ

तुरीच्या हंगामात लातूरच्या कुठल्याही डाळ मिलच्या फाटकावर हा प्रसंग घडू शकतो. दिवस मावळलेला आहे. डाळीचे कट्टे भरून टाटा ११०९ उभी आहे, ताडपत्री आवळून झाली आहे, बिल्टी तयार आहे आणि ऐनवेळी घरून फोन आला म्हणून ड्रायव्हर गावी निघून गेला आहे. मिलमध्ये स्टिअरिंगला हात लावणारी तीन माणसे आहेत. मुनीम स्वतःची कार चालवतो. एक पोरगा छोटा हत्ती घेऊन रोज मार्केट यार्डाच्या चकरा मारतो. फिटर दुरुस्ती झालेली गाडी आवारातल्या आवारात मागेपुढे करून पाहतो. मालक पोराला विचारतो, "नेतोस का रे नांदेडला?" पोरगा म्हणतो, "नेतो की मालक. पन हेवी न्हाई माझ्याकडं." मालक गाडीकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि ओळखीच्या हुंडेकऱ्याला फोन लावतो. चाकूर, अहमदपूर, लोहा करत जाणारा जेमतेम एकशे चाळीस किलोमीटरचा रस्ता. पण माल रात्रभर फाटकातच राहतो.

पोराला गाडी येत नाही असे नाही. त्याच्या परवान्यावर एक ओळ कमी आहे. त्या ओळीची किंमत मालकाच्या दृष्टीने किती, हा या लेखाचा प्रश्न. चालकाला तिचा काय फायदा यावर गावोगावी बोलले जाते: हेवी काढ, बॅज काढ, चार पैसे जास्त मिळतील. पगार देणाऱ्याला ती ओळ कुठे उपयोगी पडते, कुठे नुसती शोभेची राहते आणि तिचा खर्च कुणी उचलायला हवा, याचा हिशोब मात्र नांदेड-लातूरकडे कुणी फारसा मांडत नाही.

ओळी किती आणि कोणत्या

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे वर्ग पाडले. गिअरची आणि बिनगिअरची दुचाकी, हलके मोटार वाहन, वाहतूक वाहन, रोड रोलर, आणि याशिवाय 'विशिष्ट वर्णनाचे' वाहन. आज 'वाहतूक वाहन' असे एकच नाव आहे तिथे सुरुवातीला मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू आणि अवजड प्रवासी असे चार वर्ग होते. १९९४च्या दुरुस्तीने ते एकत्र केले. कागद सुटसुटीत झाला, पण त्या एका शब्दाने पुढची तीस वर्षे न्यायालयांना काम पुरवले.

वाहतूक वाहनाच्या परवान्याला वय किमान वीस लागते आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात असावा लागतो. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा दाखलाही लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या पुष्कळ पोरांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वाहतूक परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, आणि मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू धरण्याची जुनी सवलत काढून टाकली. आता मुदत संपली की परवाना त्याच दिवशी संपतो. ही दुसरी गोष्ट अनेक मालकांच्या अजून ध्यानात आलेली नाही.

धोकादायक माल नेण्याची नोंद सगळ्यांत कडक आहे. पेट्रोल-डिझेलचा टँकर, गॅस, आम्ल, कीटकनाशकांची रसायने असा माल नेणाऱ्या चालकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नवव्या नियमाप्रमाणे तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, कारण टँकरवरच्या फलकाचा आणि केबिनमधल्या आपत्कालीन सूचनांच्या कागदाचा अर्थ त्यालाच लावायचा असतो. ही नोंद तीन वर्षे चालते, नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी करावी लागते. चालक प्रशिक्षित आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी नियमाने गाडीमालकावरही टाकली आहे. याशिवाय रिक्षा-टॅक्सी आणि प्रवासी गाडीसाठी बॅज आणि कंडक्टरचा वेगळा परवाना या ओळीही आहेतच.

साडेसात टनांची रेघ

कोणत्या गाडीला कोणती ओळ लागते याचे आजचे उत्तर आरसी बुकातल्या एका आकड्यावर ठरते. माल भरल्यावर गाडीचे कमाल वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर कायद्याने ती हलके मोटार वाहन (एलएमव्ही) आहे. गाडी मालवाहतुकीची, म्हणजे पिवळ्या पाटीची असली तर काय, यावर वर्षानुवर्षे वाद होता. पिकअपचा अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, चालकाकडे नुसते एलएमव्ही आहे, वाहतुकीची नोंद नाही, आम्ही पैसे देणार नाही.

२०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की साडेसात टनांच्या आतल्या वाहतूक वाहनाला एलएमव्ही परवाना पुरतो, वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी या निकालालाच आव्हान दिले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभादेवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निकाल कायम ठेवला. वाहतूक वाहनाच्या जादा अटी साडेसात टनांच्या वरच्या गाड्यांना लागू राहतील, धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांचे वेगळे नियमही तसेच राहतील, असेही त्यात स्पष्ट केले.

लातूरच्या मार्केट यार्डात किंवा अर्धापूरच्या केळीच्या काट्यावर या निकालाने बरेच काही बदलले. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, टाटा ४०७ या गाड्यांसाठी चालकाकडे जादा ओळ असण्याचे मालकाला आता कायद्याने काहीच मोल उरले नाही. ११०९पासून पुढे, मोठी आयशर, दहा चाकी, टिप्पर, हायवा यांना मात्र ती ओळ पूर्वीइतकीच लागते. चालक नेमताना 'हेवी आहे का' असे सरसकट विचारण्याआधी आपल्या ताफ्यातल्या किती गाड्या या रेघेच्या वर आहेत ते मालकाने मोजावे. रेघेच्या खालीच सगळा धंदा असेल तर हेवीवाल्याला जादा पगार देण्याचे कारण कायद्यात सापडणार नाही. पण एकच ११०९ दारात असली, तरी एक हेवीवाला पुरत नाही. तो आजारी पडला, गावी गेला, तर काय, याचे उत्तर तयार हवे.

नसलेल्या ओळीचे बिल

परवाना नसलेल्याला गाडी देणारा मालक कलम १८० खाली तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हींना पात्र ठरतो. बहुतेक मालकांना हा दंड ठाऊक असतो आणि त्याची त्यांना फार भीतीही नसते. खरे बिल अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात येते.

२००४च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग निकालाने चौकट घालून दिली. अपघातग्रस्ताला भरपाई मिळाली पाहिजे. परवान्यातला दोष दाखवून विमा कंपनीला सुटायचे असेल तर मालकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने तसे होऊ दिले, हे तिने सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले तरी न्यायालय बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. वसुली मालकाच्या घरादारावर येते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते, आणि एका ट्रकवर धंदा उभा करणाऱ्याला ती ट्रक विकूनही भागत नाही.

आपल्याच चालकाला काही झाले तर त्याचा आकडाही पाहू. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या कोष्टकात तीस वर्षांच्या कामगारासाठी गुणक २०७.९८ होता. २०२० पासून हिशोबात धरायच्या वेतनाची मर्यादा पंधरा हजार रुपये होती. त्याच्या निम्म्याला, म्हणजे ७,५०० ला गुणकाने गुणले की मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होत असे. विमा शाबूत असेल तर हा भार कंपनी उचलते. परवान्यात खोट असेल तर वकिलांची ये-जा सुरू होते.

न्यायालयांनी सावध मालकाला संरक्षणही दिले आहे. २००३च्या लेहरू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालकाने परवाना पाहिला, तो वरकरणी खरा वाटला आणि चालकाला गाडी नीट चालवता येते याची खात्री करून घेतली, तर एवढे पुरे. आरटीओत जाऊन चौकशी करत बसण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. नेमताना काढून ठेवलेली लायसनची झेरॉक्स आणि एक दिवस शेजारी बसून घेतलेली ट्रायल या दोन गोष्टींना त्यामुळे कायद्याचे वजन आहे. आता 'सारथी' पोर्टलवर परवान्याची मुदत आणि वर्ग घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे 'मला काय माहीत' हा बचाव दिवसेंदिवस लंगडा पडत जाणार.

एसटीपासून उसाच्या फडापर्यंत

जादा पात्रतेचा उपयोग सर्वांत उघडपणे दिसतो तो एसटीत. महामंडळाने २०१९च्या भरतीत 'चालक तथा वाहक' असे पद काढले. एकाच माणसाकडे अवजड प्रवासी वाहनाचा परवाना आणि कंडक्टरचा बिल्ला असला की ड्युटी लावणाऱ्याला कुठे चालक कमी पडला, कुठे वाहक, ही भांडणे निम्म्यावर येतात. विनावाहक गाडी सोडता येते. चालकांचा आक्षेपही खोटा नाही: दोन बिल्ले एका खिशात आले, पगार मात्र एकच राहिला. दोन कामांची पात्रता मागणाऱ्या प्रत्येक मालकाला आज ना उद्या हा आक्षेप ऐकावा लागतो.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात ही गोष्ट अधिक ठळक झाली. आगारे बंद पडलेली असताना महामंडळाने निवृत्त चालकांना बोलावले, कंत्राटी चालक आणले, आणि अवजड वाहनाचा परवाना असलेल्या यांत्रिक कर्मचाऱ्यांच्या हाती स्टिअरिंग देण्याचा मार्गही शोधला. कार्यशाळेतल्या माणसाच्या खिशातला हेवी परवाना एरवी दुरुस्त गाडीची ट्रायल घेण्यापुरता कामी येतो. संपात व्यवस्थापनाला त्यात गाडी सुरू ठेवण्याचे साधन दिसले आणि संपकऱ्यांना संप फोडण्याचे. पात्रतेमुळे मालकाची सोय वाढते तशी कामगाराची ताकद विभागली जाते, हे या प्रकरणात विसरता येत नाही.

टँकरचे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. मराठवाड्याच्या पंपांवर येणारे बरेच इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून येते. नव्या न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाण्याच्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी काम थांबवले, आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. साध्या मालाचा ट्रक असता तर दुसरा चालक बसवून गाडी काढता आली असती. टँकरवर धोकादायक मालाची नोंद असलेलाच चालक चालतो, आणि असे चालक मोजके. ब्रिटननेही सप्टेंबर २०२१ मध्ये हेच पाहिले: पेट्रोल डेपोत पडून होते, ते नेणारे पात्र चालक कमी पडले, पंप कोरडे पडले आणि ट्रकचालकांचे पगार भराभर वाढले. ज्या ओळीला पर्याय नसतो तिची किंमत मालकाला सर्वांत जास्त मोजावी लागते.

ऊसतोडीच्या हंगामात चित्र आणखी बदलते. लातूरकडे मांजरा, नांदेडकडे भाऊराव चव्हाण अशा कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून तो अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या नागशेट्टी प्रकरणात मान्य केले. त्यामुळे इथे मालकाची अडचण चालकाच्या परवान्यापेक्षा गाडीच्या कागदांत जास्त असते. शेतीच्या नावावर पासिंग केलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढतो आणि विमा तिथेच अडतो. मागची ट्रॉली अंधारात दिसत नाही, रिफ्लेक्टर नसतो, टेप वाजत असतो. परवान्यावर आणखी एक ओळ चढवून यातले काहीच सुटत नाही.

जेसीबी-पोकलेनच्या ऑपरेटरांची गत अर्धीअधिक अशीच. २०१६ च्या भयंकर उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते त्या दिवसांत, 'जलयुक्त लातूर' चळवळीने मांजरा नदीचे पात्र खोल करायला घेतले. जलयुक्त शिवाराची कामे गावोगावी चालू होती. या कामांतून यंत्र चालवणारी एक पिढी तयार झाली. उत्तम ऑपरेटर यंत्राच्या बकेटने विहिरीच्या कडेचा दगड अलगद उचलतो, पण त्याच यंत्राने डांबरी रस्त्यावरून दुसऱ्या साइटवर जाताना त्याच्या खिशात नुसते दुचाकीचे लायसन असते. फक्त कारखान्याच्या किंवा बंद आवारात वापरायच्या यंत्राला मोटार वाहन कायदा लागू होत नाही. म्हणून मिलच्या आत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याकडे आरटीओ काही मागत नाही. फाटकाबाहेर चाक पडले की मागतो. ही फाटकाची रेघ मालकाने ओळखली तर कुणाला कोणत्या परवान्याला पाठवायचे ते आपोआप कळते.

लातूरच्या क्लास आणि शाळांच्या मुलांची ने-आण हा वेगळाच धंदा झाला आहे. राज्याच्या २०११ च्या शाळा-बस नियमांनी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती आणि गाडीत परिचर सक्तीचा केला. दिल्लीच्या रस्त्यांविषयीच्या एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शाळेच्या बसचालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा असे म्हटले होते. पालक परवाना कधी मागत नाहीत. ते ड्रायव्हरकाकांचा चेहरा आणि मुलाला उतरवताना हात धरण्याची पद्धत बघतात. संस्थाचालकाला मात्र दोन्ही सांभाळावे लागते.

सरकारी नोकरीत जादा पात्रता थेट तपासली जाते. पोलीस शिपाई चालक पदाच्या भरतीत धावणे-गोळाफेकीबरोबर गाडी चालवण्याची कौशल्य चाचणीही असते. महापालिकेच्या अग्निशमन दलात बंब नेणाऱ्याने पंपही चालवायचा असतो. आगीच्या ठिकाणी पोहोचल्यावर 'माझे काम फक्त चालवायचे' असे म्हणणारा माणूस तिथे कामाचा नाही.

अपघात कमी होतात का?

मालकाला सर्वांत जास्त हवी असते ती या प्रश्नाची खात्री, आणि नेमकी तीच परवान्यातून मिळत नाही. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. रस्ते मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अपघातातल्या चालकांपैकी बहुसंख्यांकडे नियमित परवाना असल्याचेच दिसते. रंभादेवी प्रकरणातही घटनापीठाने नोंदवले की नुसते एलएमव्ही असलेले चालक वाहतूक वाहने चालवतात म्हणून अपघात वाढतात, असे दाखवणारी आकडेवारी कुणी समोर आणली नाही.

बाहेरच्या देशांतली संशोधनेही असेच सांगतात. परवाना मिळाल्यानंतरच्या जादा प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का, याचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेने २००३ मध्ये घेतला. ठोस पुरावा सापडला नाही. स्वीडनच्या टेलिफोन कंपनीने केलेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग जास्त उपयोगाचा आहे. चालकांचे गट करून एकाला जादा प्रशिक्षण दिले, एकाला अपघात न केल्याबद्दल बक्षीस ठेवले, एकासाठी प्रचारमोहीम चालवली, आणि एका गटाला आपसांत बसून स्वतःच्या चुका आणि अडचणी बोलायला लावल्या. अपघात सर्वांत जास्त घटले ते या बोलणाऱ्या गटात. युरोपात ट्रक-बस चालकाला दर पाच वर्षांनी पस्तीस तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे; पण त्या पस्तीस तासांत नक्की काय होते, यावरच त्याचे फळ ठरते.

आपल्याकडे चालकांना असे बोलते करायला खर्च नाही. ट्रान्सपोर्टच्या आवारात सकाळी चहाला चार ड्रायव्हर जमतातच. कुठल्या वळणावर कालचा टिप्पर आडवा आला, कुणाला कुठे डुलकी लागली, कोणत्या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो, हे ते बोलतच असतात. मालक तिथे आला की सगळे गप्प होतात. चूक कबूल केली तर पगार कापला जाईल, ही भीती गेली तर त्या चहाची किंमत तीन दिवसांच्या कोर्सपेक्षा जास्त. एसटी वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार करते. ते चांगले आहेच, पण सत्काराच्या व्यासपीठावर कुणी थोडक्यात वाचलेला प्रसंग सांगत नाही.

झोपेचा प्रश्न तर कोणत्याही प्रशिक्षणाच्या पलीकडचा. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. नांदेडहून हैदराबादला माल टाकून त्याच रात्री परतीचा माल भरणाऱ्याला ही मर्यादा हसण्यावारी वाटते. दहा ओळींचे लायसन घेऊन जागा राहिलेला चालक एका ओळीच्या ताज्यातवान्या चालकापेक्षा धोक्याचाच.

खर्च कुणाचा?

आपल्याकडे हेवीची शाळा म्हणजे किन्नरची बैठक. पोरगा गाडीवर किन्नर म्हणून लागतो, टायर बदलतो, काचा पुसतो, रात्री ढाब्यावर गाडी राखतो, आणि उस्तादाची मर्जी झाली की रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती येते. वर्षा-दोन वर्षांत हात बसतो. मग तालुक्याच्या गावी भरणाऱ्या आरटीओच्या कॅम्पात, एजंटामार्फत, ओळ चढते. शिकवणुकीचा खर्च त्याने अंगमेहनतीने फेडलेला असतो आणि कागदाचा खर्च उसनवारीने.

प्रत्यक्ष फी फार नाही. केंद्रीय नियमांत शिकाऊ परवान्याला १५० रुपये, चाचणीला ३००, परवान्यावर नवा वर्ग जोडायला ५०० रुपये आहेत. खरी किंमत दिवसांची. वाहतूक वाहनासाठी ड्रायव्हिंग स्कूलने किमान तीस दिवसांत पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यावी, असा नियम आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा आहे, सिम्युलेटर आणि चाचणीपथ बंधनकारक आहे, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ आहे. रोजंदारीवरचा माणूस सहा आठवडे बिनपगारी काढू शकत नाही. म्हणून तो शिकत नाही, मालकाला हेवीवाला मिळत नाही, आणि देशात बावीस लाख चालकांचा तुटवडा आहे असे नितीन गडकरी वेगवेगळ्या व्यासपीठांवरून सांगतात.

मालकांचा ठरलेला प्रतिवाद असा: 'शिकवला की पळतो.' यात तथ्य आहे. हेवी झालेल्या पोराला हुंडेकरी दुसऱ्या दिवशी हेरतो. पण आपल्याकडे माणूस धरून ठेवायचे साधन आधीपासून आहे, त्याला उचल म्हणतात. लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला मालक उचल देतो आणि महिन्यामहिन्याने कापतो. त्याच उचलीत लायसनचा खर्च धरावा, शिकण्याच्या दिवसांचा अर्धा पगार द्यावा, आणि वर्षभर टिकला तर ती रक्कम माफ करावी. परवाना मिळाल्यावर 'हेवी भत्ता' म्हणून ठरावीक रक्कम वेगळी दाखवावी. ती पगारात मिसळली की कुणाच्या लक्षात राहत नाही. वेगळी दिसली की दुसऱ्याला हेवी काढावेसे वाटते.

मग हिशोब काय निघतो?

जादा ओळीचे मोल मालकाला तीन ठिकाणी मिळते. जिथे कायदा दुसऱ्याला बसू देत नाही, तिथे ती अमूल्य: टँकर, साडेसात टनांच्या वरची गाडी, प्रवासी बस. जिथे माणूस अडला की माल अडतो, तिथे ती विम्यासारखी: हंगामात एकदाच उपयोगी पडली तरी वर्षाचा खर्च वसूल. आणि अपघातानंतर न्यायाधिकरणात ती मालकाचे घर वाचवते. सुरक्षितता या तिन्हींत बसत नाही. ती रोजच्या झोपेतून, चांगल्या ब्रेकमधून आणि न घाबरता बोलण्यातून येते. तिच्यासाठी ओळीवर विसंबणारा मालक फसतो.

म्हणून दहा गाड्यांच्या मालकाने एक साधी वही करावी. डाव्या पानावर गाड्या, प्रत्येकीचे आरसीतले वजन आणि माल. उजव्या पानावर माणसे, प्रत्येकाच्या परवान्यावरचे वर्ग आणि मुदतीची तारीख. ज्या गाडीसमोर एकच नाव येते, तिथे दुसरे नाव तयार करायचे. एवढेच.

फाटकावरच्या त्या पोराचे वय बावीस. हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन तीन वर्षे झाली. मृग लागला की मिल थंडावते, तुरीचा हंगाम संपलेला असतो, सोयाबीन अजून शेतातही उगवलेले नसते, आणि तो दिवसभर फाटकाशी बसून मोबाइल पाहतो. तीस दिवस तेव्हाच मोकळे असतात. हंगामात हुंडेकऱ्याला फोन लावायचा नसेल, तर मालकाने त्याला जूनमध्येच ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात नेऊन सोडावे.